आजोळच्या खुर्चीवरची फुलं पहिल्याच पावसात का सोलली, आणि आता काय करायचं

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असं की वेंगुर्ल्याकडच्या आजोळच्या अंगणातला सागवानी बाक आणि दोन खुर्च्या तुम्ही मागच्या वर्षी पुण्याला आणल्या, वर हिरव्या ऑईल पेंटचे थरावर थर आहेत, बाकाचा मागचा एक पाय खालून कुजलाय, बसलं की सगळा बाक कुरकुरतो, सुतार बघून म्हणाला यात दम नाही, नवीन घ्या. आणि एका खुर्चीवर तुम्ही हौसेनं अ‍ॅक्रिलिक रंगांनी जास्वंदी काढल्या होत्या त्या पहिल्याच पावसात पापुद्र्यासारख्या निघून आल्या. आता बाक टेरेसवर ठेवायचाय, त्यावर फुलं काढायचीच आहेत, पण परत तेच झालं तर काय ही भीती. चित्रकला येत नाही पण रांगोळी चांगली येते असंही लिहिलंय तुम्ही, ते फार कामाचं आहे, त्यावर शेवटी येतो.

मी 22 वर्षं हेच काम करतोय, जुनं लाकडी सामान, जास्त करून बाहेर राहणारं, अंगणातले बाक, झोपाळे, गॅलरीतल्या खुर्च्या. पहिलं सांगतो, फेकू नका. सुताराचा दोष नाही, त्याला दुरुस्तीत आठवडा जाणार आणि नव्यात दोन दिवस, त्याचं गणित वेगळं आहे. पण 40-50 वर्षांपूर्वीचं अंगणात टिकलेलं सागवान म्हणजे बहुतेक पक्क्या गाभ्याचं लाकूड असतं, आणि आज बाजारात कमी वयाच्या झाडाचं, पांढरट भाग ठेवलेलं सागवान सर्रास मिळतं ते याच्यापुढे टिकत नाही. एक जाड सुई किंवा टोकदार स्क्रूड्रायव्हर घ्या आणि बाकाला सगळीकडे टोचून बघा, पायांचे तळ, पट्ट्या जिथे चौकटीवर टेकतात ती जागा, टेकायच्या हातांच्या खालचे सांधे. जिथे टोक नुसतं टेकून थांबतं तिथे लाकूड ठीक आहे, जिथे लोण्यात गेल्यासारखं तीनचार मिलिमीटर आत जातं तिथे कुजलंय. खडूने खुणा करत जा. माझा अनुभव असा की असा बाक बघायला भयंकर दिसतो पण खुणा केल्यावर कळतं की कुजलेला भाग सगळा मिळून दोन वीत पण नाही.

आता तुमच्या जास्वंदी का गेल्या ते सांगतो, कारण हे कळलं नाही तर पुढचं सगळं वाया. दोन गोष्टी एकदम झाल्या. एक म्हणजे चकचकीत जुन्या ऑईल पेंटवर पाण्याचा अ‍ॅक्रिलिक रंग तुम्ही तसाच लावलात, खाली घासलं नाही, त्यामुळे त्याला धरायला काही नव्हतंच, तो नुसता वर बसला होता. तेवढ्याने कदाचित वर्षभर टिकला असता. पण दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, पाणी. लोकांना वाटतं पाऊस वरून पडतो म्हणजे रंग वरून खराब होतो. तसं होत नाही. पाणी सांध्याच्या फटीतून, खिळ्याच्या भोकातून आणि सगळ्यात जास्त लाकडाच्या कापलेल्या टोकातून आत जातं. झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या तिथे उघड्या पडलेल्या असतात ना, फळीच्या सपाट बाजूपेक्षा टोक कितीतरी पट वेगानं पाणी पितं. आत गेलेलं पाणी मग ऊन पडलं की बाहेर यायला बघतं आणि वाटेत रंगाचा थर आला की त्याला आतून ढकलतं. फुगा येतो, फुगा फुटतो, पोपडा निघतो. खुर्चीची पाठ नीट बघा, फुलं सगळ्यात आधी सांध्याजवळची गेली असतील.

हे मी स्वतः चूक करून शिकलो. सुरुवातीच्या दिवसांत रत्नागिरीला एका घरचा बाक केला होता, बसायच्या पट्ट्यांमधल्या फटी, सांधे, सगळं एपॉक्सी पुट्टीने गच्च भरून, घासून काचेसारखं गुळगुळीत केलं आणि वर पांढरा इनॅमल, म्हणजे चकचकीत तेलाचा रंग, मारला. घरची मंडळी खूश, मी खूश. दिवाळीत त्यांचा फोन आला म्हणून गेलो तर बसायच्या जागेवर लिंबाएवढे फुगे. एका फुग्यावर अंगठा दाबला तर कडेतून पाणी आलं, तपकिरी चहासारखं पाणी, लाकडातला रस उतरलेलं. चार महिने ते पाणी आत कोंडलेलं होतं. मी पाण्याला आत यायची वाट बंद केली असं मला वाटत होतं, खरं तर मी बाहेर जायची वाट बंद केली होती, आत यायची एखादी केसाएवढी भेग कुठेतरी राहतेच. सगळा रंग स्वखर्चाने उतरवून दिला. तेव्हापासून बाहेरच्या सामानाला माझा एकच हिशोब, पाणी पडणार, ते कुठून निघून जाणार ते आधी बघायचं, रंग नंतर.

काम सुरू करायच्या आधी एक गंभीर गोष्ट, ही कृपया हलक्यात घेऊ नका. तो जुना हिरवा रंग. आपल्याकडे घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भाग) आत असलं पाहिजे हा नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला, त्याआधीच्या ऑईल पेंटमध्ये शिसं असायचंच असं धरून चाला. आणि त्यातही जुने पिवळे आणि हिरवे जास्त वाईट, कारण पिवळ्यासाठी क्रोम यलो वापरायचे, ते म्हणजे शिशाचंच संयुग, आणि हिरवा बऱ्याचदा त्याच पिवळ्यात निळा घालून बनवलेला. रंग लाकडावर घट्ट बसलाय तोवर त्याचा त्रास नाही. त्रास धुळीचा आहे. म्हणून कोरडा पॉलिश पेपर मारायचा नाही, मशीनचा सँडर तर अजिबात नाही, आणि ब्लो लॅम्पच्या ज्वाळेनं जाळून काढायचा नाही, धूर जास्त घातक. पाण्याचा फवारा मारत मारत वॉटर पेपरने (पाण्यात चालणारा पॉलिश पेपर) ओलं घासायचं, खाली जाड प्लास्टिक अंथरायचं, एन-95 मास्क आणि हातमोजे, निघालेला चिखल पोपड्यांसकट फडक्याने टिपून पिशवीत बांधायचा, केरसुणी फिरवायची नाही, कुंड्यांच्या मातीत तर जाऊच द्यायचा नाही. कपडे वेगळे धुवा. घरात लहान मूल असेल किंवा कोणी गरोदर असेल तर हे काम टेरेसवर करू नका, सरळ दुसरीकडे न्या.

आणि म्हणूनच माझं मत असं आहे की सगळा रंग उतरवायच्या मागे लागू नका. खूप लोक म्हणतात लाकडापर्यंत जा, खालचं सागवान दिसू दे. घरातल्या कपाटाला ठीक आहे. इथे तुम्हाला परत रंगच द्यायचाय, मग जो रंग घट्ट बसलाय तो तुमचा फुकटचा प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर आहे. कुठला घट्ट आणि कुठला सैल ते असं कळतं, कटरने रंगावर बारीक जाळीसारख्या चारपाच आडव्या चारपाच उभ्या रेघा मारा, त्यावर चांगला चिकटणारा टेप दाबून लावा आणि झटक्यात ओढा. चौकोन जागेवर राहिले तर तो रंग ठेवा, टेपवर आले तर तेवढा भाग खरवडून काढा, तोही ओला करूनच. कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने रंग काढायचा सल्ला कोणी देईल, तो ऐकू नका, सागवान काळं पडतं आणि तंतू फुगून वर येतात, शिवाय सोडा आत राहिला तर नवा रंग पण खातो.

त्याही आधी बाक नुसता धुवायचाय. समुद्राकाठची खारी हवा इतकी वर्षं खाल्लीय त्याने, मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. साध्या साबणाच्या पाण्याने, नायलॉनच्या ब्रशने, फटींमधून, मग दोनतीनदा साध्या पाण्याने. शेवाळाचा हिरवा थर पायाला असेल तर तो पण जाईल. मग सावलीत, वारा लागेल असा, पाय विटांवर उचलून किमान तीन आठवडे सोडून द्या. उन्हात टाकलात तर तडे जातील.

हे तीन आठवडे फक्त वाळण्यासाठी नाहीत. कोकणात पावसाळ्यात लाकडातली ओल 20 टक्क्यांच्या आसपास जाते आणि पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये तेच लाकूड 8-10 टक्क्यांवर येतं. तेवढ्या फरकाने चार इंची पट्टी एक ते दोन मिलिमीटरने आक्रसते. तुमचा बाक इथे आल्यावर कुरकुरायला लागला असं तुम्हीच लिहिलंय, आजोळी कुरकुरत नव्हता, त्याचं कारण बहुतेक हेच. सांधा मोडलेला नाही, कूस (खाचेत बसणारं लाकडाचं टोक) बारीक झालीय आणि खाच तेवढीच राहिलीय. म्हणजे रोग नाही, हवापालट आहे. लाकडाला पुण्याची हवा पूर्ण मानवू दे, मगच सांधे चिकटवा, नाहीतर चिकटवल्यावर परत हलतील. ओल मोजायचं छोटं मीटर मिळतं, सुतार मंडळी हल्ली ठेवतात, 15 टक्क्यांच्या खाली आलं की काम सुरू.

सांधे. जो सांधा हलतोय तो पूर्ण उघडायचा, वरून फटीत फेविकॉल सोडून काही होत नाही. जुन्या कामात सरस वापरलेला असतो, त्यावर नवा गोंद चिकटत नाही, पण सरसाची चांगली गोष्ट अशी की गरम पाण्याच्या फडक्याने तो मऊ पडतो आणि सांधा सुटतो. लाकडाची खुंटी आरपार ठोकलेली असेल तर ती मागून हळू ठोकून बाहेर काढा, मोडली तरी चालेल, नवी बनते. कूस आणि खाच दोन्ही पटाशीने, पेपरने कोरडं लाकूड दिसेपर्यंत साफ करा. मग थिनरच्या फडक्याने पुसा, सागवानात स्वतःचं तेल असतं, त्याच तेलामुळे ते टिकतं आणि त्याच तेलामुळे त्याला गोंद आणि रंग दोन्ही नीट धरत नाहीत. पुसलं की तासाभरात गोंद लावा कारण तेल परत वर येतं. सांधा घट्ट बसत असेल तर मरीनवाला फेविकॉल, आणि फट जाणवत असेल तर एरलडाईट (दोन भागांचा एपॉक्सी गोंद), तो फट भरून धरतो. क्लॅम्प नसेल तर सुती दोरीचे दोन वेढे बाकाभोवती घ्या, मध्ये लाटण्याएवढं दांडकं घालून पीळ द्या आणि दांडकं अडकवून ठेवा, दोरीखाली जुनी चादर ठेवा म्हणजे काचणार नाही. पिळताना चौकट वेडीवाकडी होते, म्हणून दोन्ही कर्ण मापून घ्या, सारखे आले पाहिजेत. एक दिवस हात लावू नका.

कुजलेला पाय. कूज अर्ध्या इंचापर्यंतच असेल तर सरळ चारही पाय अर्धा इंच कापा, कोणाला कळत नाही, उलट वयस्कर माणसाला बसायला बरं. जास्त असेल तर निरोगी लाकूड लागेपर्यंत वर जाऊन अर्धा-अर्धा जोड करायचा, म्हणजे पायाची अर्धी जाडी तीन इंच उंचीत कापायची, नवा तुकडा त्याच्या उलट आकाराचा, एरलडाईट आणि दोन खुंट्या. हे सुताराकडून करून घ्या. तुकडा मात्र जुन्याच सागवानाचा घ्या, भवानी पेठेत टिंबर मार्केटला पाडलेल्या वाड्यांचं लाकूड मिळतं, एक फूटभर तुकडा कोणीही देतं, आणि लाकडाच्या रेषा उभ्या, पायाच्याच दिशेनं जातायत ना बघून घ्या. नवं ओलं लाकूड जोडलं तर ते आक्रसतं आणि जोड उघडतो.

मग चारही पायांचे तळ. ही जागा सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात दुर्लक्षित, रंगारी कधीच बाक उलटा करत नाही. बाक उलटा ठेवा, तळ कोरडे खडखडीत झाले की पातळ एपॉक्सी ब्रशने पाजा, हो पाजाच, पहिला हात पूर्ण शोषून घेतील, दहा मिनिटांनी परत, परत, ओलं चकाकतं राहीपर्यंत. सुकलं की नायलॉनचे किंवा रबरचे गट्टू स्टेनलेस स्क्रूने बसवा म्हणजे टेरेसच्या साचलेल्या पाण्यात लाकूड उभं राहणार नाही. पट्ट्यांची टोकं, हातांची टोकं, जिथे जिथे कापलेलं टोक दिसतंय तिथे प्रायमरचे एकाऐवजी तीन हात.

लोखंडी खिळे दिसतील तेवढे काढा. सागवानात खिळ्याभोवती काळा डाग असतो ना, तो लोखंड आणि लाकडातलं टॅनिन (तुरट द्रव्य) यांचा आहे. रंगाखाली जाणार असल्यामुळे डाग राहिला तर राहू दे, पण खिळा गंजून फुगतो आणि लाकूड फाडतो. त्याजागी स्टेनलेसचे स्क्रू, पुण्याला 304 दर्जाचे पुरतात, परत कधी समुद्राकाठी नेणार असाल तर 316 घ्या.

भोकं आणि खड्डे भरायला दोन भागांची एपॉक्सी पुट्टी किंवा एम-सील, फक्त खड्ड्यापुरती. रंगारी चॉक पावडरची लांबी (रंगाऱ्याची साधी पुट्टी) लावायला बघेल, ती घरात चालते, बाहेर ती पाणी पिते आणि फुटते. आणि बसायच्या पट्ट्यांमधली फट पाचसहा मिलिमीटर मोकळी असलीच पाहिजे, जुन्या रंगाने बुजली असेल तर उघडा. सगळ्या धारदार कडा पेपरने दोन मिलिमीटर गोल करून घ्या. धारेवर रंग थांबत नाही, ओला असतानाच तो दोन्ही बाजूंना सरकतो आणि धारेवर पातळ राहतो, कुठल्याही जुन्या खिडकीला बघा, रंग आधी कडेचा गेलेला असतो.

रंग कुठला? इथे मी जुन्या वळणाचा आहे. बाहेरच्या भिंतीचा अ‍ॅक्रिलिक इमल्शन लाकडाबरोबर हलतो, पोपडे कमी येतात, हे खरं, पण बसायच्या जागेवर तो पुण्याच्या मेमध्ये मऊ पडतो आणि कपड्याला चिकटतो. म्हणून बसायच्या सामानाला ऑईल प्रायमर आणि सिंथेटिक इनॅमल, किंवा बजेट असेल तर बाहेर वापरायचा पीयू (पॉलियुरेथेन). तुम्हाला फुलं काढायची आहेत म्हणून मी इनॅमलच सांगेन, फुलंही त्याच रंगात निघतात, वरखाली एकच जात, भांडण नाही. रस्त्यावरचा ट्रक बघा, त्यावरची वेलबुट्टी इनॅमलची असते, ऊन पाऊस धूळ सगळं खात वर्षानुवर्षं पळते आणि फुलं जागेवर असतात.

पाच फुटी बाकाला अर्धा लिटर प्रायमर आणि एक लिटर इनॅमल पुरतो, दोन हात होऊन थोडा उरतो. प्रायमरच्या पहिल्या हाताला टर्पेंटाइन थोडं जास्त, दहा-पंधरा टक्के, म्हणजे आत मुरेल. उघड्या पडलेल्या लाकडाला आधी थिनरने पुसायला विसरू नका. फिका रंग देणार असाल तर एक अडचण, सागवानाचा पिवळा-तपकिरी रस पांढऱ्यातून वर येतो, त्यासाठी ऑईल प्रायमरचे दोन हात पूर्ण वाळवून द्या. दोन हातांत एक रात्र, आणि मध्ये हलका पेपर. वेळ सकाळी दहा ते दुपारी तीन एवढीच, दिवाळी ते शिमगा या दिवसांत. डिसेंबरात संध्याकाळी रंग मारलात आणि त्यावर दव पडलं तर सकाळी चकाकी गेलेली असते, धुरकट दिसतो. श्रावणात तर डबा उघडूच नका.

जवसाचं तेल, ज्याला हार्डवेअरवाले बेलतेल म्हणतात, ते कोणी लावायला सांगितलं आणि तुम्ही वापरलंत तर ते पुसलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल सुकताना स्वतःच तापतं आणि ढिगातलं फडकं आपोआप पेट घेतं, हे ऐकीव नाही, मी धूर निघताना बघितलाय. दोरीवर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवा.

आता फुलं. तळाचा रंग झाल्यावर चारपाच दिवस थांबा, मग जिथे फुलं काढायची तेवढ्याच भागावर 400 नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून हलका फिरवा, चकाकी मेली पाहिजे, रंग निघता कामा नये. कोरड्या फडक्याने पुसा. पेन्सिलने चित्र काढू नका, शिसपेन्सिलची रेघ फिक्या रंगातून वर दिसते. भरतकामाला जसा खाका छापतात तसं करा, बटर पेपरवर नक्षी काढून रेघेवर सुईने भोकं पाडायची, पेपर बाकावर टेकवून वरून गेरूची पुरचुंडी आपटायची, ठिपक्यांची नक्षी उमटते. रांगोळीच्या ठिपक्यांवर हात बसलेल्या माणसाला हे दहा मिनिटांत जमतं.

हात कसा चालवायचा ते मी सावंतवाडीला चितारआळीत शिकलो, एका म्हाताऱ्या काकांकडे, पांगाऱ्याच्या लाकडाची फळं आणि पाट रंगवायचे ते, आणि मधूनमधून गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले जुने खेळायचे पत्ते. दशावतारी गंजिफाची 120 गोल पानं असतात, आणि तेवढ्याशा गोलात अख्खा अवतार बसवायचा, तिथे खोडायला जागाच नाही. काका जमिनीवर बसायचे, पाट मांडीवर, करंगळी लाकडाला टेकलेली, आणि ब्रश कधी ढकलायचे नाहीत, नेहमी स्वतःकडे ओढायचे. पाकळी म्हणजे आकार काढून आत रंग भरणं नव्हे. गोल ब्रश रंगात बुडवायचा, टोक टेकवायचं, दाबायचं म्हणजे केस पसरतात आणि पाकळीचं पोट येतं, ओढत ओढत दाब कमी करायचा आणि उचलायचं म्हणजे टोक येतं. एक पाकळी एका श्वासात. मी पहिल्या दिवशी एकेका पाकळीवर चारचार वेळा ब्रश फिरवत होतो, काकांनी माझा हात धरून तीच पाकळी एकदाच ओढली आणि म्हणाले, "परत शिवू नको तिला." दुरुस्त करायला गेलं की रंग जाड होतो, आणि जाड थर बाहेर आधी फुटतो. म्हणजे दिसायला जे चांगलं तेच टिकायलाही चांगलं. जुन्या वर्तमानपत्रावर दोन संध्याकाळ नुसत्या पाकळ्या ओढा, मग बाकाकडे जा. 4 नंबरचा गोल, 2 नंबरचा गोल आणि वेलीच्या रेघेला लांब केसांचा लाइनर, तीन ब्रश बास. रंग साधारण साईच्या दुधासारखा वाहता हवा, घट्ट वाटला तर टर्पेंटाइनचा एखाददुसरा थेंब.

रंग निवडताना मात्र उन्हाचा विचार करा. दुकानात सगळ्यात सुंदर दिसणारे राणी, जांभळा, भडक लाल हे टेरेसच्या उन्हात सगळ्यात आधी उडतात, लालाचा वर्षभरात गुलाबी होतो. जे रंग मातीतून येतात ते उडत नाहीत, गेरू, काव, पिवडी, म्हणजे लोखंडाचे ऑक्साइड, ते आधीच गंजलेले आहेत, ऊन त्यांचं काय करणार. शिवाय पांढरा आणि काळा पक्के. आपल्याकडे कोकण-गोव्यात देवळांच्या भिंतींवर कावी काम आहे, चुन्यावर नुसती काव, दोनच रंग, आणि कितीतरी जुनं काम अजून ठसठशीत दिसतं. म्हणून जास्वंदीसाठी पी. ओ. रेड (पोस्टाच्या पेटीचा भडक लाल) सरळ डब्यातून नका घेऊ, टेराकोटा किंवा रेड ऑक्साइडच्या छटेचा इनॅमल घ्या आणि त्यात थोडासा लाल मिसळा, लाल उडाला तरी खाली काव राहते आणि फूल मरत नाही. 50-100 मिलीचे छोटे डबे मिळतात. तळाला काळपट गडद रंग देऊ नका, मेमध्ये त्यावर हात टेकवत नाही आणि तापून गार होऊन सांधे जास्त हलतात.

जागा कुठली? बसायच्या पट्ट्यांवर नको, घासून जातील. पाठीची वरची पट्टी, हातांच्या बाहेरच्या बाजू, पुढची आडवी पट्टी. आणि सांध्यापासून, कापलेल्या टोकापासून अर्धा इंच सोडून नक्षी संपवा, तिथे कधीतरी रंग उकलणारच, तेव्हा नुसता तळाचा रंग लावून काम होईल, फूल वाचेल. फुलं काढून झाल्यावर वर क्लिअर वॉर्निश मारायचा का असं विचारलंय, इनॅमलमध्ये काढलीत तर मारू नका. उन्हात क्लिअर थर पिवळा पडतो, मग उकलतो, आणि उकलताना चांगलं फूल सोबत घेऊन जातो. अ‍ॅक्रिलिकमध्येच काढायची असतील तर मात्र बाहेरच्या वापराचा, उन्हाला टिकणारा क्लिअर पीयू दोनतीन हात हवाच, आणि दर दोन वर्षांनी परत. घरातलं चपडा पॉलिश वर लावायचा मोह होईल, पाणी पडलं की ते पांढरं पडतं.

फुलं सुकल्यावर पंधरा दिवस बाकावर कुंडी ठेवू नका, इनॅमल हाताला सुकतो पण आतून कडक व्हायला वेळ घेतो, कुंडीचा गोल कायमचा उमटतो. कावळ्या-कबुतरांची घाण लगेच ओल्या फडक्याने पुसायची, ती रंग खाते. आणि दरवर्षी मेच्या शेवटी, पाऊस लागायच्या आधी, एक अर्धा तास काढा, सगळे सांधे आणि टोकं बोटाने चाचपा, जिथे केसाएवढी भेग दिसेल तिथे खरवडून प्रायमर आणि रंगाचा एक ठिपका लावा. उरलेला तळाचा रंग छोट्या काचेच्या बरणीत काठोकाठ भरून ठेवा म्हणजे साय धरत नाही आणि छटा जुळवायला लागत नाही.

अजून एक, हे माझं मत आहे, पटलं तर करा. बसायच्या जागेखाली, कोणाला दिसत नाही अशा आडव्या पट्टीवर, आजोळचा हिरवा घट्ट बसला असेल तर तेवढा वीतभर तुकडा तसाच राहू द्या, कडेने टेप लावून नवा रंग तिथे थांबवा. शिसं बाहेर येऊ नये म्हणून त्यावर पातळ क्लिअर पीयूचा एक हात द्या, तिथे ऊन पोचत नाही त्यामुळे तो टिकतो. मी प्रत्येक बाकाला हे करतो. पुढे कधी कोणी तो उलटा केला तर त्याला कळेल तो आधी कुठल्या रंगाचा होता. पायाची मापं घेऊन फोटो पाठवा, जोड किती उंच घ्यायचा ते बघून सांगतो.